भोंगा झाला की

"फोन करून जायला ती काय डेंटिस्ट आहे?" असं म्हणत सुहासिनी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पिकअपमध्ये बसली. "शेजारीण आहे. शेजाऱ्यांकडे माणूस असाच जातो."

शेजारीण दीडेक मैलावर राहत होती. मध्ये करडी झुडपं, वर्षात एखाद्या वेळी वाहणारा कोरडा ओढा आणि उन्हाने पांढरं पडलेलं आकाश. पण बाकी कुठल्याही दिशेला निघालं तर पहिलं घर लागायला गाडीने अर्धा तास जाई. त्या हिशेबाने लोरेटा हॉब्ज ही उमरेडकरांची सख्खी शेजारीणच होती, आणि इतकी वर्षं हे दोघे तिच्या उंबऱ्यापर्यंत गेले नव्हते.

"वकिलाने बजावलंय, तिच्याशी बोलायचं नाही," रवींद्र म्हणाला.

"तुला बजावलंय. मला तुझा वकील ओळखतसुद्धा नाही. तू नुसती गाडी चालव."

रवींद्र उमरेडकर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एका दगडखाणीचा मॅनेजर होता. डोंगराला सुरुंग लावायचा, पडलेला काळा दगड क्रशरमध्ये भरडायचा आणि त्याची खडी करून रस्त्यांना आणि रेल्वेला पुरवायची, असा एकूण धंदा. नागपूरच्या कॉलेजात त्याच्या बरोबरीची पोरं कॉम्प्युटरच्या मागे लागली होती तेव्हा हा मायनिंगला गेला. आवड म्हणून गेलो असं तो सांगतो. मार्क तेवढेच होते असं सुहासिनी सांगते. फ्रीमाँटला मित्रांकडे गेला की अतुल हमखास विचारायचा, "यार रवी, तू अजून खडीच फोडतोस?" त्यावर रवींद्रचं ठरलेलं उत्तर होतं, "तू रोज फ्रीवेवर दोन तास अडकतोस ना, ते असल्याच खडीवर अडकतोस." सगळे हसायचे. मग ते आपापल्या स्टॉकबद्दल बोलायला लागायचे आणि रवींद्र त्यांच्या ड्राइव्हवेतलं काँक्रीट किती निकृष्ट आहे ते बुटाने चाचपून पाहायचा.

आता मात्र खाणच जायची वेळ आली होती. परवाना वर्षअखेरीला संपत होता. तो वाढवून द्यायचा की नाही हे पुढच्या महिन्यात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सुनावणीत ठरणार होतं, आणि साऱ्या वाळवंटातून हरकत घेतली होती ती एकट्या लोरेटाने. खाणीत चौदा माणसं कामाला होती. त्यातली निम्मी इथेच म्हातारी झाली होती आणि उरलेल्या निम्म्यांनी इथे घरं घेतली होती, जी खाण बंद झाल्यावर कुत्रंही विकत घेणार नव्हतं. रवींद्र अठ्ठावन्नचा. या वयात त्याला दुसरी खाण कोण देणार? कंपनीने एखाद्या शहरात टेबलखुर्ची दिली असती, पण टेबलखुर्चीच हवी असती तर तो कॉम्प्युटरलाच गेला नसता का?

"ती रुसलीये," सुहासिनी म्हणाली. "आपण इथे आलो, वास्तुशांत केली, लास व्हेगासहून पाहुणे बोलावले, आणि शेजारणीला साधा प्रसाद पाठवला नाही. मी असते तर मीही काउंटीत गेले असते."

लोरेटाच्या फाटकावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती. तिच्याखाली दुसरी पाटी होती, 'पहिली पाटी पुन्हा वाचा' अशी. सुहासिनीने दोन्ही वाचल्या आणि फाटक उघडलं.

लोरेटा दारात आली ती बंदूक घेऊनच. नेम धरलेला नव्हता, काठी धरावी तशी धरली होती. किडकिडीत, उंच, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी.

"कोण पाहिजे?"

"तुम्हीच. मी सुहासिनी. त्या तिकडे राहते." सुहासिनीने डबा पुढे केला. "लाडू आणलेत. रव्याचे."

लोरेटाने डब्याकडे पाहिलं, मग पिकअपच्या दारावरच्या कंपनीच्या नावाकडे, मग गाडीतच अंग चोरून बसलेल्या रवींद्रकडे.

"कंपनीला सांगा, मी मिठाईने विकली जात नाही."

"कंपनीला लाडू येतात करायला?" सुहासिनी म्हणाली. "तूप माझं आहे. खाऊन बघा आणि मग हाकला."

फ्रीमाँटच्या बायकांना या बोलण्याची सवय होती. लोरेटाला नव्हती. तिने बंदूक दाराला टेकवून ठेवली आणि एक लाडू उचलला, बहुधा भांडण लवकर संपावं म्हणून. खाल्ला. आणि दारातून बाजूला झाली. रवींद्रला गाडीतून उतरावंच लागलं.

आत विंडो एसी घरघरत होता. रवींद्र गप्प बसण्याचं ठरवून बसला आणि बसल्या बसल्या बोलला, "तुमच्या भिंतींना तडे गेले असतील तर आम्ही..."

"तडे? कोण म्हणालं तडे? यंत्रं घेऊन तुमचेच लोक आले आणि भिंती मोजून गेले. मी सांगत होते, भिंतींना काही झालेलं नाही. कोणी ऐकलं?"

"मग धूळ?"

"वाळवंटात राहून धुळीची तक्रार करायला मी काय खुळी आहे? मला तुमचा भोंगा नकोय."

"भोंगा?"

"भोंगा. सुरुंगाच्या आधीचा."

आता रवींद्रला जोर आला. भोंगा हा त्याच्या प्रांतातला विषय होता. तो सांगू लागला की भोंगा सुरक्षेसाठी असतो, तो दिल्याशिवाय सुरुंग उडवता येत नाही, कायदाच तसा आहे, वगैरे. लोरेटा त्याच्याकडे पाहतही नव्हती. आतल्या खोलीचं दार उघडलं होतं आणि तिथे एक म्हातारा उभा होता. गुळगुळीत दाढी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पंजे फावड्यासारखे रुंद. त्याने येऊन रवींद्रचा हात हातात घेतला.

"नवीन दिसतोस. कुणाच्या टोळीत टाकलाय तुला?"

"मी मॅनेजर आहे," रवींद्र म्हणाला.

म्हातारा मनापासून हसला. "मॅनेजर डॉनली आहे रे! त्याच्यासमोर नको म्हणूस हां असं." आणि रवींद्रची पाठ थोपटून तो खिडकीशी जाऊन बसला.

डॉनली नावाचा मॅनेजर या खाणीत होऊन गेला होता. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, काळा-पांढरा.

"वेंडेल," लोरेटा हलक्या आवाजात म्हणाली. "माझा नवरा. आयुष्यभर तुमच्याच खाणीत होता. रिटायर झाला, आणि पुढे एकेक गोष्ट विसरत गेला. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण भोंगा झाला की हा उठतो आणि कामाला निघतो. एकशे पंधरा फॅरनहाइटमध्ये, टोपीशिवाय. गेल्या जुलैत ओढ्यात पडलेला सापडला. दार लावून घेतलं तर खिडकी फोडतो. तुमचं ऑफिस कळवतं, 'आज सुरुंग, दहा ते तीन.' मग दहा ते तीन मी दारात खुर्ची टाकून बसते. मी शहात्तरची आहे. हा अजून मला एका हाताने उचलतो."

"मुलंबाळं?" सुहासिनीने विचारलं.

"एक मुलगी आहे, टूसॉनला. म्हणते, बाबा पुन्हा बाहेर सापडला तर त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायचं. बरोबर आहे तिचं." लोरेटाने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "भोंगा तरी जाईल किंवा हा तरी. मी भोंगा निवडला. त्यात तुमचं वैर नाही."

परतताना सुहासिनी म्हणाली, "रुसलेली नव्हती."

"नव्हती."

"तरी आलो ते बरं झालं."

संध्याकाळी निधीचा फोन आला. निधी म्हणजे त्यांची मुलगी, फ्रीमाँटला असते, फिजिओथेरपिस्ट आहे आणि आईबाबांची पोच तिला पूर्ण ठाऊक आहे. "आई, यू कान्ट जस्ट शो अप! शी हॅड अ गन!"

"होती, पण टेकवून ठेवली."

"ओ माय गॉड. बाबा, से समथिंग."

"मी गाडी चालवत होतो," बाबा म्हणाले.

वकिलाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो मराठीत लिहिण्याजोगा नव्हता.

रवींद्र इंजिनिअर होता, आणि इंजिनिअरला एक दुःख दिसलं की तो त्यातला सुटा भाग शोधतो. भोंगा लागतो, असं नियम म्हणतो. कुठला, ते म्हणत नाही. जुना भोंगा डॉनलीच्या काळातला होता, लांब, खर्जातला. वेंडेल त्या आवाजाला उठतो. मग आवाजच बदलला तर? रवींद्रने नवा इलेक्ट्रॉनिक भोंगा मागवला. खाणीचा फोरमन बेटो, ज्याच्याकडे सुरुंग उडवण्याचं लायसन्स होतं, त्याने तो खांबावर चढवला आणि वाजवून पाहिला.

"बॉस, हा भोंगा नाही. ही कुणाची तरी सासू आहे."

"चालेल," रवींद्र म्हणाला. त्याने स्वतः लोरेटाला फोन करून सांगितलं की आता खुर्ची टाकून बसू नका. असं सांगायला नको होतं, हे त्याला त्याच आठवड्यात कळलं.

सुरुंगाच्या दिवशी सगळं नेहमीसारखं झालं. डोंगरातली भोकं स्फोटकांनी भरून झाली, डंपर बाहेर काढले, माणसं मोजून झाली. शेवटी क्रशर बंद केला. रवींद्र पश्चिमेच्या फाट्यावर पिकअप आडवी लावून उभा होता; सुरुंगाच्या वेळी येणारा प्रत्येक रस्ता असा कुणीतरी अडवून धरतो. फोन वाजला.

"तो गेला," लोरेटा म्हणाली.

"कसा जाईल? भोंगा तर अजून झालाच नाही!"

"माहितीये मला. तुमचं दळण थांबलं आणि हा उठला. मी आत होते. तुम्हीच सांगितलंत ना, बसू नका म्हणून?"

रवींद्रने ऐकलं. खरंच, सगळीकडे शांत होतं. भल्या सकाळपासून डोंगरात चाललेला तो घरंगळता आवाज थांबला होता आणि वाळवंट एकदम मोठं झालं होतं. ही शांतता तो इतकी वर्षं स्वतःच पाडत होता. ती दीड मैलावर कुणाच्या तरी छातीत वाजते, हे त्याला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

रेडिओवर बेटो आला. "बॉस, तयार आहे. भोंगा देऊ?"

"थांब. कुणी काही दाबायचं नाही. माणूस आहे बाहेर."

वेंडेल ओढ्याच्या पात्रात सापडला. डोकं उघडं, बटणं गळ्यापर्यंत, हातात थर्मास. चालणं मात्र सरळ, वेळेवर पोचणाऱ्या माणसाचं. ज्या उतारावर आणखी थोड्या वेळाने दगड उडणार होते, त्याच उताराच्या रोखाने तो निघाला होता.

"मिस्टर हॉब्ज, चला, घरी सोडतो."

"घरी?" वेंडेल थांबलासुद्धा नाही. "आत्ता? सगळे जागेवर गेले असतील."

"बाहेर फार ऊन आहे. लोरेटा काळजी करतेय."

"कोण?"

रवींद्रने त्याचा दंड धरला. वेंडेलने तो असा झटकला की रवींद्र झुडपात बसला. काटे लागले. उठून अंग झाडताना त्याच्या मनात आलं की हा माणूस काही चुकीचं करत नाहीये. मशिन थांबलं आहे, सुरुंग उडायचा आहे, आणि हा कामाला निघाला आहे. खाणीत आज नियमाने वागणारा हाच एक आहे. चुकीचं बोलतोय तो आपण.

त्याने कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवला.

"वेंडेल! उशीर केलास. पश्चिमेचा फाटा तुझ्याकडे आहे. बस गाडीत."

म्हातारा वळला. "हो, हो. आलो," म्हणाला, आणि चुपचाप गाडीत जाऊन बसला. सीटबेल्टही लावला, जो बेटो सांगूनही लावत नाही.

फाट्यावर पोचल्यावर रवींद्रने त्याला जादाचं हेल्मेट दिलं. खाणीत येणाऱ्या पाहुण्याला धोके समजावून सांगावेत असा नियम आहे. तो मोडायचा नाही म्हणून रवींद्र सांगू लागला, दगड कुठवर उडू शकतात, उभं कुठे राहायचं, खूण झाल्याशिवाय हलायचं नाही. वेंडेलने सगळं ऐकून घेतलं.

"पाणी पी," तो म्हणाला. "तोंड बघ तुझं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असं होतं."

रवींद्र पाणी प्यायला. मग बेटोला म्हणाला, "दे भोंगा."

नवा भोंगा किंचाळला. वेंडेलने कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय? डुक्कर कापतायत का?"

"नवीन आहे."

"डॉनलीला सांगितलं पाहिजे."

रेडिओ खरखरला. "पश्चिमेचा रस्ता?" बेटोने विचारलं.

रवींद्रने उत्तर द्यायला रेडिओ तोंडाशी नेला, आणि मग तो वेंडेलच्या हातात दिला. त्या मोठ्या पंजात तो बरोबर बसला.

"पश्चिमेचा रस्ता बंद," वेंडेल म्हणाला. आवाज खणखणीत होता. "इथून कुणी जात नाही."

पलीकडून बेटो म्हणाला, "थँक यू, सर." आजवर त्याने रवींद्रला कधी सर म्हटलं नव्हतं. नंतरही म्हटलं नाही.

डोंगराची कड आधी फुगली, मग अंग टाकून दिल्यासारखी खाली बसली, आणि आवाज त्यानंतर आला. धूळ पूर्वेकडे गेली. सगळं ठीक असल्याची खूण झाली, क्रशर पुन्हा सुरू झाला, आणि वेंडेलने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"झालं आजचं. चल. लोरेटा वाट बघत असेल."

लोरेटा फाटकाबाहेर उभी होती, त्या दोन पाट्यांच्या शेजारी. वेंडेल उतरला, तिच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे जाता जाता तिला म्हणाला, "नवा पोरगा बरा आहे. जरा घाबरट आहे, पण शिकेल."

त्यानंतर दर सुरुंगाला रवींद्र आधी हॉब्जच्या घरी जाऊ लागला. वेंडेल पश्चिमेचा रस्ता अडवायचा, खूण झाली की घरी यायचा, जेवायचा आणि गाढ झोपायचा. मधल्या दिवसांत मात्र आपण कामावर जाऊन आलो हे त्याला आठवत नसे. वकिलाने विम्याची भीती घातली. रवींद्र म्हणाला, पाहुणा आहे, सुरुंगाच्या हद्दीबाहेर आहे, आणि धोके दर वेळी नव्याने समजावून सांगतो. हे शेवटचं तर अक्षरशः खरं होतं. निधी म्हणाली, "बाबा, दॅट्स अ ह्यूज लायबिलिटी." मग म्हणाली, "बट ऑल्सो, लाइक, रिअली स्वीट."

सुहासिनी डबे नेत होती, डबे आणत होती. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे लोरेटाला न सांगताच कळलं. आलेल्या डब्यात अंडी असायची, कधी मक्याचा पाव. पण हरकतीबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. "विचार ना तिला," रवींद्र म्हणायचा. "मी लाडू त्यासाठी नेते का?" सुहासिनी म्हणायची, आणि त्याला वाटायचं, थोडेसे त्यासाठीही न्यायला काय हरकत आहे?

सुनावणीला लोरेटा आली. निळा ड्रेस घालून, वेंडेलला बरोबर घेऊन. सुहासिनी कंपनीच्या रांगेतून उठून सरळ तिच्या शेजारी जाऊन बसली. वकिलाने डोळे मिटून घेतले.

नाव पुकारल्यावर लोरेटा माइकपाशी गेली. "माझी हरकत मी मागे घेत नाहीये," ती म्हणाली.

रवींद्रने मागे वळून पाहिलं. त्याच्या मागे बेटो आणि बाकीची मंडळी बसली होती, धुतलेल्या शर्टांत, बायकामुलांसकट.

"दोन गोष्टी कबूल झाल्या तर घेईन. एक, तो नवा भोंगा काढा. भयंकर आहे. जुना लावा."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची तक्रार जुन्या भोंग्याबद्दल होती ना?"

"होती. आता वेंडेलला नवा ओळखता येत नाही म्हणून तो कुरकुरतो, आणि मला दिवसभर ऐकावं लागतं." मागे कुणीतरी हसलं. लोरेटा हसली नाही. "दुसरं. माझा नवरा जागेवर पोचल्याशिवाय भोंगा द्यायचा नाही. घाई करायची नाही. कधीच."

"कंपनीला हे मान्य आहे?"

वकील माइककडे झुकला. पण रवींद्र त्याच्या आधी पोचला होता, आणि उभं राहून म्हणाला, "मान्य आहे." एवढा अधिकार मॅनेजरला असतो का, हे त्याने कंपनीला नंतर विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. परवाना मात्र आला.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुरुंगाचा दिवस होता. क्रशर थांबला होता, डंपर ओळीने उभे होते, माणसं आपापल्या जागी होती, आणि रवींद्र पिकअप घेऊन हॉब्जच्या अंगणात आला होता. वेंडेल पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. हल्ली त्याला वेळ लागायचा. नाडी एका भोकात जायची, दुसरं चुकायचं. लोरेटा पुढे झाली तेव्हा त्याने तिचा हात हळूच बाजूला केला, आणि ती दारातच थांबली.

रेडिओवर बेटो आला. "बॉस, सगळं तयार. भोंगा देऊ?"

"माणूस यायचाय अजून," रवींद्र म्हणाला.

"बरं. थांबलोय."

वेंडेलने बांधलेली गाठ नीट पाहिली. ती त्याला पसंत पडली नाही. त्याने सगळी नाडी पुन्हा सोडली आणि खालच्या भोकापासून सुरुवात केली. रवींद्रने गाडीचं इंजिन बंद केलं.